मोकाशापासून एक-चौदापर्यंत : पेडणे व डिचोली महालांतील जमिनीची मालकी

इंग्लंडातील केंट परगण्यात ईस्ट ग्रीनिच नावाचे राजाच्या खासगीकडील एक गाव होते. १६०६ साली पहिल्या जेम्स राजाने व्हर्जिनिया वसाहतीची सनद दिली, तेव्हा सागरापलीकडची ती सारी भूमी या ईस्ट ग्रीनिचच्या जमिनीप्रमाणे धारण करावी, असे त्या सनदेत नमूद झाले. १६२९ च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत हीच अट पुन्हा आली. आणि २७ मार्च १६६८ रोजी दुसऱ्या चार्ल्सने, पोर्तुगीज राजकन्येशी झालेल्या विवाहातून हाती आलेले मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीस दिले, तेव्हाही शब्द तेच होते : हे बेट ईस्ट ग्रीनिच गावच्या धाऱ्याने धारण करावे आणि दरसाल दहा पौंड सोन्याच्या नाण्यात भरावेत. माहीम आणि माझगावच्या माडांची मुळे अशा रीतीने कागदोपत्री केंट परगण्यात रुजली.

पेडणे-डिचोलीच्या वाचकास या दूरच्या गावाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे ते असे की, ज्याला कोणी पाहिले नाही अशा ठिकाणी, ज्या भाषेत शेतकऱ्यास एक अक्षर कळत नाही अशा भाषेत लिहिलेली एखादी कल्पना, डोंगरावरच्या काजूचे बोंडू कोणी वेचावेत हे कसे ठरविते, याचे हे ठळक उदाहरण आहे. आमच्या महालांतही हेच घडले. फरक एवढाच की, आमची कल्पना लंडनहून आली नाही, लिस्बनहून आली.

इंग्रजी कायद्याचे मूळ सूत्र १०६६ च्या नॉर्मन विजयात आहे. जिंकणाऱ्या राजाने सर्व भूमी आपली ठरविली आणि सरदारांना ती सेवेच्या मोबदल्यात लावून दिली. त्यामुळे इंग्रज माणूस काटेकोर अर्थाने जमिनीचा मालक नसतो, राजाकडून ती धारण करणारा असतो. धारण करण्याचे प्रकार पुष्कळ होते. त्यांतील सर्वांत सुटसुटीत प्रकारात लष्करी चाकरी नसे, ठरलेले भाडे दिले की धारक मोकळा. ईस्ट ग्रीनिचचा धारा तो हाच. अमेरिकेतील वसाहतवाल्यांना म्हणूनच तो सोयीचा पडला. तथापि त्या धाऱ्याबरोबर वार्षिक भाडे गेले, थोरल्या मुलाचा वारसा गेला, आणि पिढ्यान्‌पिढ्या इस्टेट विकता येऊ नये अशी बांधून ठेवण्याची रीतही गेली. स्वातंत्र्य पुकारल्यावर त्या देशाने हे ओझे एकेक करून उतरविले. व्हर्जिनियात जेफर्सनच्या पुढाकाराने बांधीव इस्टेटींची रीत १७७६ साली रद्द झाली आणि थोरल्याचा अग्रहक्क १७८५ साली गेला.

तरीही सर्वच ओझे उतरले नव्हते. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी व्हान रेन्सेलर घराण्याची अवाढव्य जहागीर होती. ती मुळात डच लोकांनी दिलेली आणि पुढे इंग्रजांनी मान्य केलेली. तेथील कुळे कायमच्या पट्ट्याने जमीन कसत. दरसाल गहू, चार धष्टपुष्ट कोंबड्या आणि एक दिवसाची वेठ असा त्यांचा खंड असे. कुळाने आपला हक्क विकला तर किमतीचा चौथा हिस्सा जहागीरदारास द्यावा लागे. १८३९ साली जहागीरदार वारला आणि वारसांनी थकबाकीचा तगादा लावला. तेव्हा कुळे बिथरली. वेषांतर करून जप्तीच्या कारकुनांना पिटाळण्याचे प्रकार कित्येक वर्षे चालले. अखेर १८४६ च्या न्यूयॉर्कच्या राज्यघटनेने सरंजामी धारे बंद केले आणि शेतजमिनीचा पट्टा बारा वर्षांहून अधिक मुदतीचा असू नये असे ठरविले. गहू व कोंबड्यांच्या जागी भात व नारळ घातले, तर ही हकीकत पेडण्यातील कोणत्याही वृद्ध कुळास परकी वाटणार नाही.

आता इकडे वळू. मुंबई इंग्रजांस मिळण्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे ते बेट पोर्तुगीजांकडे होते आणि त्यांनीही आपला धारा तेथे लावलाच होता. सुप्रसिद्ध वैद्य गार्सिया द ओर्ता याच्याकडे मुंबई बेट वार्षिक भाड्याने होते. या भाड्यास पोर्तुगीज भाषेत ‘फोर’ म्हणतात. इंग्रज आले तरी फोर गेला नाही. गव्हर्नर ऑंजियरने १६७२-७४ च्या सुमारास बेटावरील जमीनधारकांशी करार करून वार्षिक वीस हजार अशरफ्या ठरवून घेतल्या. पुढे समुद्र हटवून काढलेल्या खाऱ्या जमिनी जुजबी फोरावर लागवडीस दिल्या गेल्या. त्या ‘फोरास’ जमिनींच्या वादावर १८५१ साली खास कायदा करावा लागला. मुंबईचा फोरास रोड आज भलत्याच कारणासाठी प्रसिद्ध असला, तरी त्याचे नाव पोर्तुगीज शेतसाऱ्याचे आहे, हे गिरगावातील आमच्या गोमंतकीय बांधवांपैकी किती जणांस ठाऊक असेल कोण जाणे.

हा फोर ज्या व्यवस्थेतून येतो तिला पोर्तुगीज कायद्यात ‘आफोरामेंत’ म्हणतात. तिचे मूळ रोमन आहे. एकाच जमिनीचे दोन स्वामी अशी ती कल्पना. वरचा स्वामी प्रत्यक्ष काही करीत नाही, त्याचे नाव राहते आणि दरसाल फोर मिळतो. खालचा स्वामी जमीन कसतो, झाडे लावतो, ती वारसांना देतो, परंतु विकावयाची झाल्यास वरच्यास विचारावे लागते आणि किमतीचा एक भाग त्याच्या हातावर ठेवावा लागतो. हडसनकाठच्या चौथ्या हिश्शाचा हा सख्खा भाऊ. खुद्द पोर्तुगालने ही पद्धत १९७६ साली मोडीत काढली. गोव्यात मात्र जुन्या दस्तांतून ती आजही डोके वर काढते.

जुन्या काबिजादींत, म्हणजे तिसवाडी, बार्देश व सासष्टीत, पोर्तुगीजांना पहिल्यापासून गांवकरीशी गाठ घालावी लागली. आफोंसो मेशिया या महसूल अधिकाऱ्याने १६ सप्टेंबर १५२६ रोजी तिसवाडीच्या गावांच्या चालीरीती लेखी करून जो ‘फोराल’ जारी केला, त्यात गावची जमीन गांवकरांच्या समूहाची आहे, ते मिळून राजाचा भाग भरतात आणि उरलेले गावची कामे व जोण यांत वाटतात, ही व्यवस्था ओळखली गेली. त्या दस्तऐवजाचा हेतू वसुलीचा होता, हे उघड आहे. तरी एका परक्या सत्तेने जमिनीवरील सामुदायिक हक्काची नोंद केली, ही गोष्ट लहान नव्हे. हीच गांवकरी पुढे ‘कोमुनिदाद’ या नावाने अनेक कायद्यांतून फिरली. त्यांतील शेवटचा १५ एप्रिल १९६१ चा, म्हणजे मुक्तीच्या आठ महिने आधीचा आहे.

आमचे महाल या कथेत उशिरा येतात. डिचोली, जिचा जुना परगणा भतग्राम, आणि साखळी-सत्तरी १७८१-८२ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती आली. पेडणे सावंतवाडीच्या खेम सावंतांनी कोल्हापूरकरांविरुद्ध मदतीच्या मोबदल्यात १७८८ च्या तहाने सोडून दिले. तोवर धर्मांतराचा पहिला आवेश ओसरला होता आणि राज्य टिकवावयाचे तर येथील रयतेस दुखवून चालणार नाही, हे पणजीच्या दरबारास उमगले होते. म्हणून नव्या काबिजादींतील लोकांचे देव, देवळे आणि रूढी यांस हात लावला जाणार नाही असे अभिवचन देण्यात आले. या अभिवचनाचे फळ म्हणजे नव्या काबिजादींतील रहिवाशांच्या रीतिरिवाजांचा संग्रह. तो १८२४ साली सिद्ध झाला, आणि १८६१ साली सरकारी छापखान्याने पोर्तुगीज व मराठी अशा दोन्ही भाषांत छापला. कायद्याचे पुस्तक मराठीत छापण्याची गरज तेव्हाच्या पोर्तुगीज सरकारास वाटली होती, हे आमच्या भाषाभिमान्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

परंतु रूढी राखण्याचे वचन देणे एक आणि त्या रूढीचा अर्थ कळणे दुसरे. या दोहोंमधील अंतरातून आमच्या महालांचा सारा जमीन-प्रश्न निर्माण झाला, असे आमचे मत आहे. आणि ते अंतर एका शब्दात दाखविता येते. तो शब्द ‘मोकासा’.

मराठी राज्याच्या हिशेबात मोकासा म्हणजे काय, हे शाहूकालीन चौथाईच्या वाटणीवरून स्पष्ट होते. चौथाईच्या उत्पन्नातील चौथा भाग राजबाबती म्हणून छत्रपतींकडे जाई. उरलेला तीन-चतुर्थांश तो मोकासा. त्यातून सहोत्रा व नाडगौंडी असे लहान भाग वेगळे काढून बाकीचे सरदारांस फौजेच्या खर्चासाठी लावून देत. म्हणजे मोकासा ही वसुलीतील वाटणी होती. मोकासदारास सरकारचा वाटा घेण्याचा अधिकार असे. माती नांगरण्याचा किंवा नांगरणाऱ्यास हुसकण्याचा अधिकार त्या शब्दात कोठेच नाही. गावात कसणारा आपल्या जागी असे, गांवकर आपल्या जागी, देसाई-कुळकर्णी आपल्या वतनावर, आणि मोकासदार त्या सर्वांच्या वर, परंतु केवळ वसुलीपुरता. एकाच शेतावर चार-पाच जणांचे हक्क एकमेकांवर रचलेले असत, आणि त्यांत ‘मालक’ कोण, हा प्रश्न कोणी विचारीतही नसे.

पोर्तुगीज कायदेपंडितास हा प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतर नव्हते. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला. हिंदूंच्या काही कौटुंबिक रूढी १६ डिसेंबर १८८० च्या फर्मानाने बाजूस काढल्या गेल्या, पण मालकीचा विचार त्या कायद्याचाच राहिला. त्यात प्रत्येक जमिनीस एक धनी हवा. दोन स्वामी चालतील, तेही आफोरामेंताच्या चौकटीत आणि लेखी कराराने. या चष्म्यातून पाहिले, तेव्हा मोकासा हा गावच्या मालकीचा दाखला दिसू लागला आणि कसणारा मालकाच्या मर्जीने बसलेला माणूस दिसू लागला. पेडण्याचे देशप्रभू घराणे मूळचे त्या महालाचे वतनदार. पोर्तुगीज राजाने त्यांस ‘व्हिश्कोंद’ ही सरदारकीची पदवी दिली. पदवीने जमीन मिळत नाही हे खरे, परंतु युरोपी सरदार आणि विस्तीर्ण जमीनदार या दोन कल्पना लिस्बनच्या मनात जोडीनेच नांदत होत्या. सत्तरीत राण्यांच्या मोकाशांची कथा याहून मोठी आणि रक्तरंजित आहे. ती स्वतंत्र लेखाचा विषय.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या घराण्यांची सर्वच जमीन अशी वसुलीतून मालकीत सरकलेली नव्हती. कित्येकांनी पदरचे पैसे घालून बांध घातले, पाट काढले, माड-पोफळीची कुळागरे उभी केली. काही जमिनी खरेदीच्या, काही खासगी वतनाच्या होत्या. त्यांच्यावर मालकी सांगण्यात काहीही वावगे नव्हते. वावगे होते ते हे की, कुळागराची मालकी आणि गावभर पसरलेला वसुलीचा हक्क या दोहोंना एकच दस्त, एकच शिक्का आणि एकच शब्द लागू झाला.

हे कसे पक्के झाले, तर नोंदवहीने. पोर्तुगीज व्यवस्थेत जमिनीची दोन दप्तरे असत. करासाठी ‘मात्रीज’, आणि हक्कासाठी ‘कोंसेर्व्हातोरी’ची नोंद. या दुसऱ्या दप्तरात मिळकतीचे वर्णन एका ठिकाणी आणि तिच्यावरील हक्कदाराचे नाव दुसऱ्या ठिकाणी लिहीत. एकदा नाव चढले की, उलट सिद्ध होईपर्यंत ते खरे धरावयाचे. मात्र नाव चढविण्यास नोतारापुढे दस्त हवा, पोर्तुगीज येणारा वकील हवा, नकाशा नाही तरी चतु:सीमा हव्यात, आणि पणजी-म्हापशाच्या खेपा घालण्याइतका पैसा हवा. हे सारे कोणाजवळ होते? सरद आणि वायंगण अशी भाताची दोन पिके काढून खंड भरणाऱ्या कुळाजवळ नव्हते. डोंगराच्या उतारावर कुमेरी करून नाचणी पेरणाऱ्याजवळ तर निश्चितच नव्हते. अशा नोंदींत एखाद्या मिळकतीच्या चतु:सीमा पूर्वेस ओहोळ, पश्चिमेस डोंगराचा माथा, उत्तरेस अमक्याचे भाट अशा लिहिलेल्या आढळतात. त्या दोन ओळींच्या आत कधी एक शेत असे, तर कधी वाडाच्या वाडा.

त्या वाड्यातील घरांची स्थिती काय, तर भाटकाराच्या जमिनीत राहणारा तो मुंडकार. घर त्याचे, जमीन भाटकाराची. घराच्या मोबदल्यात भाटाची राखण करणे, नारळ पाडण्याच्या वेळी हजर राहणे आणि बोलावल्या कामाला जाणे हे ओघाने आलेच. ही वेठ बहुधा कोठे लिहिलेली नसे. लिहिलेले असते तर तिला मर्यादा तरी पडली असती. हडसनकाठच्या कुळास वर्षातून एकच दिवस द्यावा लागे, हे येथे वाचकांनी आठवावे.

डिचोली महालात मये गावाची गोष्ट याहून वेगळ्या वळणाने गेली. हा तळ्यासाठी प्रसिद्ध असलेला गाव. तेथील फार मोठी मालमत्ता ‘काँद द मये’ या पदवीच्या पोर्तुगीज सरदार घराण्याकडे होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर देश सोडून गेलेल्यांच्या मिळकतींसाठी १९६४ साली कायदा झाला आणि ही मालमत्ता सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. गावकऱ्यांना वाटले, काँद गेला म्हणजे जमीन सुटली. सुटली नाही. मालक परागंदा, राखणदार सरकार, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे मात्र ना मालक ना धड कुळ, अशी विचित्र अवस्था तेथे निर्माण झाली. शेजारच्या गावांत कुळांना व मुंडकारांना जे हक्क मिळत गेले, त्यांसाठी मयेकरांना अर्धशतकाहून अधिक काळ झगडावे लागले. अलीकडच्या वर्षांत सरकारने सनदा देण्यास प्रारंभ केला, तेव्हा काही कुटुंबांच्या हाती पहिल्यांदाच आपल्या अंगणाचा कागद आला. राजा गेल्यावर त्याचा हक्क कोणाकडे जातो, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेने ‘तेथील राज्याकडे’ असे दिले होते. मयेत आलेले उत्तरही तेच होते.

जमिनीच्या वर हे चालले असता जमिनीखाली आणखी एक कथा लिहिली जात होती. इंग्रजी कायद्यात सोन्या-रुप्याच्या खाणी राजाच्या, हे १५६८ सालच्या प्रसिद्ध खटल्यात ठरले. बाकीची खनिजे मात्र ज्याची जमीन त्याची. हा नियम अमेरिकेत गेला, आणि म्हणून टेक्ससमधील सामान्य शेतकऱ्याच्या शेतात तेल लागले तर तो रातोरात श्रीमंत होऊ शकतो. पोर्तुगालचा विचार निराळा. तेथे भूगर्भ राज्याचा, आणि राज्याने ज्याला ‘कोंसेसांव’, म्हणजे खाणीची सनद दिली, त्याचा. २० सप्टेंबर १९०६ च्या वसाहती खाण-फर्मानाप्रमाणे अशा सनदा गोव्यात दिल्या गेल्या, आणि अटी पाळीत राहिल्यास त्यांना मुदत नव्हती. शिरगाव, मये, अडवलपाल, वेळगे या डिचोलीच्या गावांत लोहखनिजाचे डोंगर उभे होते. त्यांच्या पायथ्याशी ज्याचे शेत, त्याला खनिजातून काही मिळण्याचा प्रश्न नव्हता. त्याच्या वाट्यास पावसाळ्यात वाहून येणारी तांबडी माती तेवढी आली.

मुक्तीनंतर या सनदा तशाच चालल्या. १९८७ साली संसदेने कायदा करून त्या २० डिसेंबर १९६१ पासून भाडेपट्टे समजल्या जाव्यात असे ठरविले. म्हणजे कायमच्या हक्काचे मुदतीच्या हक्कात रूपांतर झाले, आणि तेही मागील तारखेपासून. खाणमालकांनी न्यायालयात दाद मागितली. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने नंतरची नूतनीकरणेही रद्द केली आणि त्या वर्षीच्या मार्चमध्ये उत्खनन थांबले. डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव सुरू झाले, तेव्हा पहिल्याच खेपेस डिचोली आणि शिरगाव-मयेचे खाणपट्टे पुकारले गेले. त्यांच्या हद्दीत आपली घरे, देवळे आणि शेते येतात, असे आक्षेप ग्रामस्थांनी जनसुनावणीत नोंदविले. ज्या शिरगावात लईराईच्या जत्रेसाठी हजारो धोंड निखाऱ्यांवरून चालत जातात, त्या गावाची हद्द कोणती आणि खाणीची हद्द कोणती, हा प्रश्न अशा रीतीने एका शतकापूर्वीच्या फर्मानाशी जोडलेला आहे.

जमिनीच्या पृष्ठभागावरील प्रश्न सोडविण्याचे श्रेय मुक्तीनंतरच्या गोव्याच्या पहिल्या सरकारास द्यावयास हवे. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे पेडण्यात जन्मलेले. भाटकार आणि कुळ यांचे नाते त्यांना पुस्तकातून वाचावे लागले नव्हते. ‘कसेल त्याची जमीन, राहील त्याचे घर’ ही घोषणा नव्या काबिजादींत ज्या वेगाने पसरली, त्या वेगाने दुसरी कोणतीही पसरली नसेल. १९६४ च्या कुळकायद्याने खंड उत्पन्नाच्या सहाव्या हिश्शापर्यंत खाली आणला आणि कुळास हुसकणे कठीण केले. १९७५ च्या कायद्याने मुंडकारास घरातून काढण्यास बंदी घातली आणि घर व त्याभोवतीची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्क दिला. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कुळास कसत्या जमिनीचा मालकच मानले, किंमत तेवढी त्याने भरावयाची. शशिकला काकोडकर तेव्हा मुख्यमंत्री होत्या. भाटकारांनी न्यायालयांत झुंज दिली आणि वादात बरीच वर्षे गेली.

याच काळात, १९६८ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे, गोव्याची नव्याने मोजणी झाली. तिच्यातून जो उतारा निघाला तो नमुना क्रमांक एक व चौदाचा. लोक त्याला ‘एक-चौदा’ म्हणतात. महाराष्ट्रात सातबाराला जे स्थान, तेच याला. त्यात कब्जेदाराचे नाव एका रकान्यात, कुळाचे दुसऱ्यात, इतर हक्क तिसऱ्यात. मोकाशाच्या काळी एकावर एक रचलेले हक्क पुन्हा शेजारी-शेजारी दिसू लागले, असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि या उताऱ्यासही कायद्याने तेच बळ दिले आहे : उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी. आणि कोंसेर्व्हातोरीच्या जुन्या नोंदीस पोर्तुगीज कायद्याने दिलेले बळही तेच होते. एकाच शेताचे दोन कागद, दोन्ही खरे धरावयाचे, आणि दोहोंवरील नावे निराळी, असा प्रसंग आमच्या महालांत अपवादाचा नाही. मोजणीच्या दिवशी जो घरी नव्हता, ज्याने बोटीवर किंवा मुंबईच्या गिरणीत नोकरी धरली होती, किंवा भाटकाराच्या मुनिमाने ‘मी सांगतो, तू घरी जा’ म्हटल्यावर जो खरोखरच घरी गेला, त्याचा रकाना कोरा राहिला.

वारसाहक्काने या गुंत्यात भर घातली. इंग्रजी कायद्याने थोरल्यास सर्व देऊन इस्टेट अखंड ठेवली, अमेरिकेने तो अग्रहक्क मोडून मृत्युपत्राचे स्वातंत्र्य दिले. पोर्तुगीज कायद्याने तिसरी वाट धरली. पती-पत्नीची मालमत्ता सामाईक, प्रत्येकाचा निम्मा वाटा, आणि मुलांचा राखीव हिस्सा मृत्युपत्रानेही काढता येत नाही. मुलगा व मुलगी यांत भेद नाही. २०१२ चा गोव्याचा उत्तराधिकार कायदा २०१६ च्या डिसेंबरात अमलात आला, त्यानेही हेच तत्त्व राखले. स्त्रियांच्या दृष्टीने या व्यवस्थेचे मोल फार मोठे आहे आणि ते मान्य केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. परंतु वाटपाचे इन्व्हेंतार वेळेवर न केल्यास तिसऱ्या पिढीत एका पडीक घराच्या दस्तावर तीस-चाळीस सह्या लागतात. सही देणारे कोणी मुंबईत, कोणी बेळगावात, कोणी लिस्बनमध्ये. घर मात्र पेडण्याच्या पावसात कोसळत असते.

सीमेपलीकडे सावंतवाडी तालुक्यात पाहिले तर हाच पेच निराळ्या वेषात दिसतो. आंबोली, गेळे आणि चौकुळ या गावांत ‘कबुलायतदार गांवकर’ पद्धत होती. संस्थानाशी कबुलायत करून गांवकर मिळून सारा भरीत आणि जमीन वहिवाटीत. आमच्या गांवकरीची ती सावत्र बहीणच म्हणावी. १९९९ साली त्या जमिनींवर महाराष्ट्र शासनाचे नाव लागले आणि पिढीजात वहिवाटदारांना आपल्याच गावात वाटपासाठी वर्षानुवर्षे अर्ज करीत बसावे लागले. तेथे पोर्तुगीज नव्हते, नागरी कायदा नव्हता, व्हिश्कोंदही नव्हता. होते ते एवढेच की, सामुदायिक हक्क एका नावाच्या रकान्यात मावत नव्हता.

२०१४ साली गोवा विधानसभेने जमिनीवरील जुन्या मालकी-पदव्या व देणग्या रद्द करण्यासाठी विधेयक संमत केले. मोकाशाचा प्रश्न इतक्या स्पष्टपणे विधानसभेत मांडला जाण्यास मुक्तीनंतर पन्नासहून अधिक वर्षे लागली. दरम्यान पेडण्याची जमीन आपल्या जागी थांबून राहिली नव्हती. मोपाच्या पठारावरील विमानतळासाठी मोपा, वारखंड, कासारवर्णे, उगवे, आंबेरे आणि चांदेल या गावांतील दोन हजारांहून अधिक एकर जमीन गेली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. पठारावर काजू होते, गुरांची चरण होती, आणि पावसाळ्यात नाचणी-वरी पिकवणारी कुमेरीची मोरडे होती. भरपाईचा हिशेब करावयाचा म्हणजे प्रथम उतारा पाहावयाचा. ज्याचे नाव कब्जेदाराच्या रकान्यात त्याला नोटीस गेली. ज्याने काजूची कलमे लावली, त्यास आपले नाव कुळाच्या रकान्यात चढविण्यासाठी आधी मामलेदाराच्या कचेरीची पायरी चढावी लागली, आणि तेथे त्याच्याकडे जे पुरावे मागितले गेले त्यांत खंडाच्या पावत्या होत्या. पेडण्यात खंड बहुधा भात, काजू आणि नारळ यांच्या रूपाने दिला जाई आणि त्याची पावती देण्याचा प्रघात क्वचितच असे.